कुंदा आत्याचं शुक्रवारचं टेबल

माझी आत्या हॉटेलात एकटी जायची आणि एकटी जेवायची.
यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी टीव्हीच्या रिमोटवरून पण झाली नाहीत.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

कुंदा आत्या, माझ्या पप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. अंबरनाथला आमच्याबरोबरच राहायची आणि उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होती. दिवसभर उभं राहून शिलाई तपासायची, धागे कापायचे.

कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. आमची सगळ्यांची रविवारी.
म्हणजे तिच्या सुट्टीला तिच्या सोबत कोणीच नाही.

दुसरी कोणी असती तर ताणून झोपली असती. ही बाई इस्त्रीचा ड्रेस घालून, पावडर लावून, रिक्षाने परत उल्हासनगरलाच जायची. जेवायला!

मी दोन हजार तीन-चारच्या आसपासचं सांगतेय. तेव्हा आमच्याकडच्या बायका हॉटेलात जायच्या त्या नवऱ्याबरोबर, कोणाच्या तरी वाढदिवसाला. मेनूकार्डही नवऱ्याच्याच हातात.

पहिल्या वेळेचा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातलं एक साधं सिंधी हॉटेल. हिने दाल पकवानची, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुरीची, ऑर्डर दिली आणि पंख्याखालच्या टेबलावर बसली. वेटरने काय आणावं? पार्सल. पिशवीला गाठ मारून. बाई एकटी आलीय म्हणजे घरीच घेऊन जाणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं.

"भैया, प्लेट लाओ."
"मॅडम, पार्सल है ना?"
"पार्सल तुम बोला. मैं नहीं बोली."

मग तो म्हणाला, आत पडद्यामागे बसा, तिकडे फॅमिलीवाले बसतात.
"क्यूँ? मैं क्या चोरी करके खा रही हूँ?"

गल्ल्यावरच्या शेठने मान वर करून बघितलं आणि वेटरला खूण केली. प्लेट आली. पंख्याखालीच आली.

पुढे तोच शेठ तिला लांबून बघूनच ओरडायचा, "अदी आ गयी, पंखा चालू कर!"
अदी म्हणजे सिंधीत ताई.

दिवाळीच्या सुट्टीत ती मलाही न्यायची. कमी पैशात पोटभर आणि चांगलं कुठे मिळतं, हे तिला बरोबर कळायचं. रिक्षावाले जिथे जेवतात तिथे भाजी ताजी असते. डाळ दुसऱ्यांदा मागायला लाजायचं नाही. आणि पकवान मोडून बघायचं, कडक आवाज आला नाही तर सरळ परत.
"शेठ, ये पकवान है की चपाती?"
शेठ हसायचा आणि दुसरं पाठवायचा.
मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता ते आठवलं की छाती फुगते.

एकदा आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी तिला तिथे पाहिलं. संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या किचनमध्ये.

मम्मी भडकली.
"घरात जेवण मिळत नाही का तुला? लोक म्हणतील, भावजय उपाशी ठेवते!"

आत्या अजिबात चिडली नाही.
"वहिनी, तुमच्या हातचं चांगलंच असतं. पण तुम्ही स्वतः ते शेवटचं गरम कधी खाल्लंत, सांगा बरं."

मम्मी तव्यावरची चपाती उलटत राहिली. आम्ही बाकीचे तोपर्यंत जेवून उठलो होतो. तिचं ताट अजून वाढलेलंही नव्हतं.

"चला एकदा माझ्याबरोबर. दुसरं कोणीतरी आणून देतं, आपण नुसतं बसायचं."
"मला नाही जमायचं बाई. तू जा."

"तू जा" म्हणाली ना, तिथेच भांडण संपलं.

पण आत्याने पिच्छा सोडला नाही. दर शुक्रवारी चप्पल घालताना विचारायची, "वहिनी, येताय?"
मम्मीचे कपडे भिजवलेले असायचे. नाहीतर गॅसवाला यायचा असायचा. नाहीतर गुडघा.
आत्या हसून एकटी जायची. पुढच्या शुक्रवारी परत विचारायची. वर्षानुवर्षं.

आज मी बदलापूरला कात्रपमध्ये राहते, नोकरी करते आणि कुठल्याही हॉटेलात एकटी बसून जेवते. मोबाईलमध्ये तोंड न खुपसता. सावकाश.
वेटर विचारतो, "मॅडम, और कोई आनेवाला है?"
मला राग येत नाही. मी कोणाची भाची आहे हे त्याला कुठे माहीत?

आज नेमका शुक्रवार.

सकाळी अंबरनाथच्या घरी बुद्धवंदना झाली, आत्याच्या फोटोला हार घातला, आणि मी बदलापूरला परत आले. मम्मी म्हणाली होती, जरा बाजारात जाऊन येते.

दुपारी तिचा फोन. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी ओरडतंय, "दो चाय!"

"मम्मी, कुठे आहेस?"
"पाच नंबरात. कुंदाच्या हॉटेलात."
"कोणाबरोबर?"
"कोणाबरोबर कशाला पाहिजे? एकटी आलेय."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"ऐक ना. ह्याने पार्सल बांधून आणलंय. कुंदा काय बोलली होती गं तेव्हा?"

मी सांगितलं.

मग फोनमधून ऐकू आला माझ्या सत्तरीच्या आईचा आवाज. आधी जरा चाचरत, मग ठणठणीत.
"भैया, प्लेट लाओ. मैं इधरच खायेगी."

थोड्या वेळाने म्हणाली, "आली. ठेव आता फोन, गरम आहे, निवेल."

आत्या, तुझ्या वहिनी आल्या गं.
पंख्याखालीच बसल्यात.

जय भीम, आत्या.