एकच खुर्ची

वकीलबाईंच्या टेबलासमोर एकच खुर्ची असायची. पक्षकार दारात आला की बाई त्या खुर्चीकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "जिची केस तिनं बसायचं. बाकीच्यांनी खाली चहा पिऊन यायचं."

बाकीचे म्हणजे आम्ही. बाप, मामा, चुलता, भावकी. पोरीचा काडीमोड निघाला की पोरगी सोडून सगळ्या जगाला बोलायचं असतं. तुम्हीही हे बघितलं असेल.

मी गवंडी माणूस, शाळा चौथीपर्यंत. भूकंपानंतर किल्लारीकडं नवी गावं उभी राहिली तेव्हा हाताला काम लागलं, आणि त्याच कामावर आमचं निलंग्यातलं घर चाललं. सारिका एकुलती एक. तिला हदगावला दिली. पाच वर्षांनी ती लहान लेकीला कडेवर घेऊन यष्टीतून उतरली आणि म्हणाली, "मी आता परत जाणार न्हाई." का, ते सांगेना. मी विचारलं, तिच्या आईनं विचारलं, गल्लीतल्या बायकांनी आडून आडून विचारलं. पोरीनं तोंड म्हणून उघडलं नाही.

तिची आई तेव्हा आजारी होती. लातूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होत्या आणि दुखणं मागं हटत नव्हतं. ती मला एकच सांगायची, "मी हाय तवर पोरीला मोकळी करा." आपण फार दिवस नाही, हे तिला कळलं होतं. मला कळत होतं, पण मी ते डोक्यात येऊ देत नव्हतो.

माझा मेव्हणा बाबूराव. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि प्रत्येक कामात ओळख. तो आम्हाला एका वकिलाकडे घेऊन गेला. त्या वकिलाकडं मजकूर तयारच होता, नुसती नावं भरायची. शेवटी तो म्हणाला, "सासऱ्यानं हात धरला, असं एक टाकू. केस मजबूत होते." बाबूरावानं मान डोलावली. मला वाटलं, कायद्याचं असंच असत असेल. सारिका फरशीकडे बघत बसली होती.

वकीलबाईंचं नाव सारिकाच्या आईनं आणलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला सांगितलं होतं. "ती बाई घाई करत न्हाई म्हणं," असं म्हणाली. झालं, आम्ही जीप केली. सोयरिकीची बैठक असावी तसे आठजण कोंबून लातूरला निघालो. गंजगोलाईच्या मागं भांड्याच्या दुकानावर बाईंची खोली होती. जिना अरुंद. एकामागं एक चढलो आणि सगळे दारातच अडकलो.

पन्नाशी ओलांडलेली बाई, चष्मा दोरीनं गळ्यात, कोट खुंटीला. आमची रांग बघून त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

बाबूराव पुढं झाला. "मॅडम, मी सांगतो सगळं."

"केस तुमची आहे का?"

"न्हाई, पण मी मामा हाय."

"मामांसाठी खाली चांगला चहा मिळतो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग बाईंनी मला विचारलं, "पोरीला नवरा बघताना किती स्थळं बघितली?"

"नऊ-धा तरी बघितली असतील."

"आणि तिला सोडवायला वकील किती बघितले?"

"एक. आता तुमी."

"मग जा, अजून बघा. काय करणार, काय लिहिणार, किती दिवस लागतील, सगळं विचारा. पटलं नाही तर उठा. मग तिला वाटलं, तर माझ्याकडं या."

मला राग आला. एवढी वर्षं थापी धरली, पण दारात आलेल्या माणसाला 'दुसरा गवंडी बघून या' असं मी कधी म्हणालो नाही. मी वळलो. तेवढ्यात सारिका माझ्या बाजूनं पुढं गेली आणि त्या खुर्चीत बसली. म्हणाली, "मला कुठंच जायचं न्हाई. मी हितंच सांगते."

कित्येक महिन्यांत पोरीनं बोललेलं ते पहिलं सलग वाक्य.

आम्ही खाली गेलो. एक चहा झाला, दुसरा झाला. बाबूराव म्हणाला, "एवढं काय बोलायली ती? घरी तर मुकी हाय." खाली आली तेव्हा सारिकाचे डोळे सुजलेले होते, पण जिना ताठ उतरली.

पुढच्या फेरीला बाईंनी आम्हालाही आत घेतलं, सारिकाला विचारून. तिची आई त्या दिवशी हट्टानं आली होती आणि जिना चढून दाराच्या चौकटीला टेकली होती. बाई उठल्या, आपली स्वतःची खुर्ची तिला दिली आणि उभ्यानंच आधीच्या वकिलाचा कागद वाचू लागल्या. एक ओळ वाचायच्या आणि सारिकाला विचारायच्या, "हे घडलं का?"

"न्हाई."

पेनाची रेघ.

"हे घडलं का?"

"हाव. दोनदा मारलं. पण सळईनं न्हाई, हातानं."

तेवढंच ठेवलं. मग सासऱ्याची ओळ आली.

"न्हाई," सारिका म्हणाली. "मामंजी कधी नजर वर करूनसुदिक बोलले न्हाईत."

बाईंनी ती ओळ खोडली. बाबूराव उसळला. "मॅडम, अशानं केस पडंल!"

"खऱ्यावर उभी केलेली पडली तर परत उभी करता येते. खोट्यावर उभी राहिली, तर हिला जन्मभर टेकू लावत बसावं लागेल."

हे मला बरोबर कळलं. माती मिसळलेल्या वाळूची भिंत दिसायला तशीच दिसते.

मग बाईंनी सारिकानं स्वतः सांगितलेलं वाचलं. नवऱ्याचं नांदेडला दुसरीकडं मन होतं. घरी आला की तो हिच्याशी बोलायचा नाही. हिनं वाढलेलं ताट पायानं सरकवून द्यायचा. रोज. आणि ही ते उचलून न्हाणीपाशी बसून जेवायची.

त्या वकिलाच्या सगळ्या मजबूत ओळी एकीकडं आणि हे ताट एकीकडं. सारिकाच्या आईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अर्ज लागला. कोर्टानं दोन्ही बाजूंना समजुतीच्या खोलीत बसवलं. जावई वकील घेऊन आला होता. बरोबर माझे व्याही, धोतर-टोपीतले, चेहरा दगडासारखा. आपल्यावर घाण लिहिली असणार, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. जावयाचं म्हणणं एकच, "माराचं, ताटाचं, सगळं खोटं हाय. अन् पोरगी आमची, ती आमच्याकडं राहील." सारिकानं लेकीला असं आवळून धरलं, की लेक रडायला लागली.

व्याही एकदम म्हणाले, "आधी मला सांगा, माझ्यावर काय काय लिवलंय?"

"दादा, तुमच्यावर काहीच नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"काहीच न्हाई?"

"घडलं नाही, तर लिहिणार काय?"

व्याह्यांनी सारिकाकडं बघितलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिच्याकडं बघतच म्हणाले, "हिच्या अर्जातलं ताटाचं खरं हाय. म्या बघितलंय. रोज बघितलंय." आणि पोराला म्हणाले, "सोड हिला. नात आईजवळ राहंल. सही कर."

मी भूकंपात पडलेल्या भिंती बघितल्या आहेत. पण एक धक्का न मारता भिंत उतरवलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. बाहेर आलो तेव्हा बाई पदरानं चष्मा पुसत होत्या, जणू काही झालंच नाही.

मग दोघांच्या संमतीचा अर्ज झाला. त्यात काही महिने थांबावं लागतं. त्या थांबण्यात सारिकाची आई गेली.

तेराव्याच्या दिवशी यष्टीतून एक बाई उतरून आली आणि बायकांत जाऊन सतरंजीवर बसली. ना टेबल, ना कोर्ट, म्हणून मी वकीलबाईंना आधी ओळखलंच नाही. निघताना त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. म्हणालो, "मॅडम, निकाल बघायला ती राहिली न्हाई."

बाई थोडं चालल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी दवाखान्यातून मला फोन केला होता. विचारलं, पोरगी मोकळी होणार नव्हं? मी म्हणाले, होणार. त्या म्हणाल्या, तुम्ही खोटं सांगत न्हाई, आता मी झोपते."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या शब्दावर अशी निवांत झोपली की नाही, कोण जाणे. बाईंच्या शब्दावर झोपली. यष्टी गेली तरी मी तिथंच उभा होतो.

निकालाच्या दिवशी जजसाहेबांनी सारिकाला विचारलं, "कुणाच्या दबावाखाली नाही ना?" सवयीनं माझंच तोंड उघडलं. बाईंनी मागं वळून नुसतं बघितलं. मी मिटलं. सारिका म्हणाली, "न्हाई साहेब. माझं मी ठरवलंय." आता ती निलंग्यातच शिवणकाम करते आणि नात शाळेत जाते.

परवा गल्लीतला सोपान पोरीला घेऊन माझ्याकडं आला. तेच दुखणं. "भाऊ, वकील कुठला करावा?" मी दोघांना घेऊन लातूर गाठलं. भांड्याच्या दुकानदारानं मला ओळखलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाई दिवाळीनंतर वारल्या. वर आता दुसरे वकील बसतात."

मी जिन्याचा कठडा धरला. मग म्हटलं, आलोय तर चला.

वर एक तरुण वकील होता. बोलायला बरा वाटला. टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. पोरगी एका खुर्चीच्या कडेवर टेकली. सोपाननं खाकरून घसा साफ केला, "साहेब, त्याचं असं हाय..."

मी त्याचा दंड धरून त्याला उठवलं. त्याची खुर्ची उचलली आणि दाराबाहेर ठेवली. परत आत गेलो, दुसरीही उचलली.

"अहो आजोबा, काय करताय?" वकील म्हणाला.

"हितली रीत हाय, साहेब," मी म्हटलं. "चल सोपान, चहा पिऊ."

आत एकच खुर्ची राहिली. आम्ही अर्धा जिना उतरलो असू, तेव्हा वरून पोरीचा आवाज यायला लागला.