समुद्र दिसत न्हाय!

ब्लॉग शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, लोक ते गृहपाठ म्हणून आणून देतात! मुंबईत जाहिराती लिहून कंटाळलो, मांडव्याच्या बोटीने कायमचा नागावला आलो आणि इथल्या होमस्टेवाल्यांचा दर मंगळवारी दुपारी ब्लॉगचा वर्ग घ्यायला लागलो. मंगळवारी गिऱ्हाईक नसतं. "बाकीच्या वारी तरी कुठं असतं?" नंदाकाकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

काकूंचा मामला गंभीर होता. पनवेलच्या मुलाने बजावलं होतं: दिवाळीला खोल्या भरल्या नाहीत तर होमस्टे बंद, नारळाची वाडी विकायची आणि काकूंनी त्याच्या फ्लॅटवर राहायचं. फ्लॅटचं नाव काढलं तरी काकूंना घाम फुटायचा.

*

वर्गातल्या प्रकाशदादाला म्हटलं, "गूगलवर सापडायचं तर 'बीचजवळ स्वस्त रूम' हे शब्द मजकुरात घाला." पठ्ठ्याने वाक्यागणिक घातले! पुढे त्याचे चुलते वारले. चौकात फ्लेक्स लागला: 'आमचे लाडके अण्णा यांना बीचजवळ स्वस्त रूम परिवारातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली!'

*

दुबईहून परतलेल्या सलीमभाईंनी लिहिलं, 'समुद्र दोन मिनिटांवर.'

"चालत?"

"नाही जनाब, बाईकवर. आणि चालवायला आमचा मुलगा आसिफच पाहिजे!"

मी चिडलो. फुगवून लिहू नका, विशेषणं गाळा, म्हणालो. पुढच्या मंगळवारी ब्लॉग तयार: 'खोली आहे. पलंग आहे. खिडकीला गज आहेत. दार बाहेरून बंद होतं.'

एका गिऱ्हाइकाचा लगेच फोन आला, "भेटायला कोणी येऊ शकतं का?"

*

"बोलता तसंच लिहा," असं मी काकूंना सांगितलं. मथळा आला, 'सहर्ष स्वागत!' खाली मजकूर: 'चपला भायेर काढा. ओल्या अंगानं गादीवर बसू नका. नारळाखाली फोटो काढू नका, डोक्यात पडला तर आमी जबाबदार न्हाय.'

"काकू, यात स्वागत कुठंय?"

"वर लिवलंय न्हाय का!"

*

काकूंच्या घरातून फक्त नारळ दिसतात. "तरी सी व्ह्यू टाका, सगळेच टाकतात," प्रकाशदादा म्हणाला. काकूंनी लिहिलं: 'आमच्याकडून समुद्र दिसत न्हाय. बघायचा तर उठून जा, देवानं पाय दिलेत. परत याल तवा भाकरी गरम मिळंल.'

मी कपाळाला हात लावला. लोकांनी मात्र तेवढंच एकमेकांना फॉरवर्ड केलं आणि काकूंच्या दिवाळीच्या सगळ्या खोल्या भरल्या. मला इतका आनंद झाला की वर्गाला भजी मीच दिली.

*

भजी खाताना काकूंचा फोन वाजला. मुलगा! त्यांनी स्पीकर लावला.

"आई, दिवाळीला चौघं येतोय. वाडी बघायला एक पार्टीपण आणतोय."

"खोली न्हाय."

"म्हणजे?"

"भरल्यात. ब्लॉगवर नंबर हाय, त्याच्यावर फोन कर."

"आई, त्याच नंबरवर बोलतोय मी!"

काकूंनी चष्मा चढवला.

"मंग नीट बोल की! पुढच्या दिवाळीचं बघते. मानसं किती? व्हेज का नॉनव्हेज?"