आत्याचं मत

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे. जयगडला मासे विकून तिने मला शिकवलं.

गेल्या लोकसभेच्या आधी आमच्या वाडीची बैठक बसली. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने फोन करून एकच उमेदवार ठरवून दिला होता. मी रत्नागिरीहून मुद्दाम गेलो, कागदावर लिहून नेलेली सगळ्या उमेदवारांची माहिती वाचून दाखवली आणि उत्साहाच्या भरात खाली लिहिलेला माझा सल्लाही वाचला, "मंडळ म्हणतं त्याला नको, या दुसऱ्याला द्या."

आत्या मागून म्हणाली, "अरे, मुंबईवाले फोनवरून सांगतात, तू कागदावरून. आम्ही विचार कधी करायचा?"

सगळे हसले. शेजारच्या काकांनी छेडलं, "बाय, मग तू कोणाला देतेस?"

"ते मी लग्नाच्या घोवाला नाय सांगत, तुला काय सांगू?"

मी खाली मान घालून हसलो, पण मनाला लागलं. आत्याला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून रत्नागिरीला परतल्यावर पत्र लिहिलं:

"आत्ये, चुकलं माझं. तू शिकवलंस, आणि मी तुलाच शिकवायला निघालो. रविवारी तो कागद घेऊन येतो, माझा सल्ला खोडून. तू सावकाश वाच. माझं मत बदललेलं नाही, पण तुला तिसराच पटला तर बिनधास्त त्याला दे."