आबांच्या रक्तावर लावलेलं शून्य

धार ते देवास बस चालवणाऱ्या माणसाची पोरगी मायक्रोस्कोपवर बसते, हे आमच्या खानदानात पहिल्यांदाच घडलं. मी त्याबद्दल उगाच नम्र होत नाही. पणजोबा दरबारच्या पागेत, वडील म्हणजे आमचे आबा बसवर, आणि कॉलेजची पायरी चढले ती मीच पहिली.

देवासच्या प्रयोगशाळेत माझं काम असं: जिवंत पेशीत सोडलं की निळं चमकेल असं एक प्रोटीन बांधायचं. पेशीत रक्ताच्या कॅन्सरचं बिघडलेलं एन्झाइम चालू असेल, तर हे प्रोटीन वाकतं आणि पिवळं होतं. पेशी मारावी लागत नाही, ती जगता जगताच सांगते.

पण किती पिवळं म्हणजे आजार? त्यासाठी आधी निरोगी माणसाच्या पेशी बघून शून्य ठरवायचं. निरोगी रक्त बाहेरून मिळायला वेळ लागतो, म्हणून आमच्याकडे रिवाजच पडला होता, ज्याचा प्रयोग त्याने घरचं माणूस आणायचं. मी आबांना आणलं. जन्मात कधी अंथरूण धरलं नव्हतं त्यांनी. बाही वर करत म्हणाले, "घ्या, दरबारी रक्त आहे."

माझी प्रयोगशाळेतली सोबतीण सुई काढत हसली. "अंकलजी, निकला तो लाल ही है."

त्या पेशी आम्ही गोठवून ठेवल्या. दर वेळी थोड्या काढायच्या आणि शून्य त्यांच्यावर लावायचं.

आणि हा प्रोटीनचा सेन्सर चालेना. रुग्णांच्या पेशी आबांच्या पेशींपेक्षा किंचितच जास्त पिवळ्या दिसत. प्रोटीनच्या दोन टोकांमधला दुवा मी आखूड केला, लांब केला, पुन्हा नव्याने बांधला. प्रयोगशाळेचे सर म्हणायचे, "तुमचा सेन्सर आहे की सोनकच्छची बस? वाट बघत बसायचं, आणि ती यायचीच नाही."

रविवारी घरी तुपात बुडवलेले कणकेचे बाफले असायचे. आबा एकावरच हात धुवायला लागले. "पोट तट्ट वाटतं," डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणायचे.

"स्टँडवर कचोऱ्या हाणायच्या, मग घरी कुठली भूक?" आई चिडायची. त्यांचा खाकी शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला होता. मी म्हटलं, "आबा, हिरो दिसता आता." ते खूश झाले.

गोठवलेल्या पेशी संपत आल्या, तेव्हा सोबतिणीने स्वतःचं रक्त दिलं. तिच्या आणि आबांच्या पेशी आम्ही पहिल्यांदाच शेजारी शेजारी लावल्या. तिच्या निळ्याशार. आबांच्या पिवळ्या, अगदी रुग्णांसारख्या.

"लेबल बदललं असेल गं," ती म्हणाली. आबांची दुसरी नळी काढली. पिवळी. सरांनी आपला हात पुढे केला. त्यांच्या पेशी निळ्या.

सेन्सर कधीचाच बरोबर होता. शून्यच आजारावर लागलं होतं. इतके महिने तो मला माझ्याच घरचं सांगत होता, आणि मी त्यालाच दुरुस्त करत बसले होते.

"हे निदान नाही," सर म्हणाले. "दवाखान्यात तपासणी होऊ दे." दारापर्यंत येऊन म्हणाले, "पण आजच न्या."

स्टँडवर आबांची बस लागलेली होती. बॉनेटवर आईने दिलेला डबा, अर्धा तसाच.

"काय बाईसाहेब, चाललं का मशीन?"

"चाललं, आबा."

त्यांनी हॉर्न दाबला आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "ओ भिया, पोरीचं मशीन चल गया! चाय पिलाओ सबको!"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. चहा आला. मी पेला हातात धरून म्हटलं, "आबा, आजची फेरी दुसऱ्याला द्या. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

"का? कोण आजारी आहे?"

मी पेला त्या अर्ध्या डब्याशेजारी ठेवला. मग त्यांचा हात हळूच हॉर्नवरून निघाला आणि डाव्या कुशीवर गेला.