शिशाच्या मागावर हर्षा

आमच्या हर्षाला एखादी गोष्ट पटली नाही, की ती समोरच्याला जगू देत नाही. जबलपुरात एका प्रयोगशाळेत मी तिच्याबरोबर काम करते, म्हणून अधिकाराने सांगते. कामाच्या जागी माणसाच्या अंगात कोणतं विष कसं जातं, हे शोधणं तिचं काम. गेलं वर्षभर ती ज्या कारखान्याच्या मागे लागली होती, तिथेच तिचे वडील डोमाजीकाका तरुणपणापासून नोकरीला आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि त्यांतलं शिसं वितळवायचं, असा तो कारखाना.

काकांचा उजवा पंजा मनगटातून लोंबायला लागला. पोटही सारखं दुखायचं. हर्षाची आई कुसुमबाई वाताचं तेल चोळून चोळून थकल्या. हर्षाने काकांचं रक्त तपासलं, शिसं भरपूर निघालं. मग तिने सगळ्याच कामगारांचं तपासलं. भट्टीवरच्यांच्या रक्तात शिसं असणारच होतं. पण काका आता सामानाची खोली सांभाळतात, आणि गेटवरचा चौकीदार तर भट्टीकडे कधी फिरकलाही नाही. तरी त्या दोघांच्याही रक्तात तेवढंच.

हर्षाने कारखान्याच्या मालकाशी, शेठशी, भांडून चांगले मास्क आणवले. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, फरक नावापुरता. शेठ खूश. "देखा मैडम, हमारी हवा का कसूर नहीं." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हर्षा मात्र शांतपणे म्हणाली, "हवेतून नाही तर कशातून, ते मी काढतेच."

मग ती मला घेऊन कारखान्याच्या अंगणात दिवसभर बसली. दुपारी काकांनी करेली गावच्या गुळाची भेली, म्हणजे छोटी ढेप, आणली आणि सकाळी जिथे बॅटऱ्या फोडल्या होत्या, त्याच फरशीवर फोडली. धुळीत काम करणाऱ्याने गूळ खावा, छाती साफ राहते, हा आपल्याकडचा जुना समज. सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून वाटायचा मान काकांचा, आणि गूळही त्यांच्या पदरचा. चौकीदारसुद्धा आला. माणसं मास्क हनुवटीखाली ओढून करड्या हातांनी खडा तोंडात टाकत होती, वर बोटं चाटत होती. हर्षाने एक खडा मागून घेतला आणि प्रयोगशाळेत तपासला. त्यात शिसं होतंच.

आता हे सांगायचं कसं? आपल्या बापाच्या हातून लोकांच्या पोटात विष जातंय, हे मुलीनेच चारचौघांत बोलायचं. मी म्हटलं, शेठला एक पाटी लावायला सांग. ती म्हणाली, "पाटी कोण वाचतं? बाबांनी थांबवलं तरच लोक थांबतील."

दुसऱ्या दिवशी भेली फोडायच्या आधीच तिने वडिलांना अडवलं.

"बाबा, गूळ नका वाटू."

"काहून?"

तिने सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं. फरशीवरची, हातांवरची धूळ गुळाबरोबर पोटात जाते, आणि त्या धुळीत शिसं आहे. कोणीतरी पुटपुटलं, "चाचा का क्या दोष." काकांनी भेली फडक्यात बांधून बाजूला ठेवली. नळावर जाऊन त्यांनी चांगल्या हाताने लुळा हात धुतला, बराच वेळ. मला हायसं वाटलं. हर्षाने पुढच्या तपासणीची तयारी सुरू केली, तेवढ्यात काका येऊन तिच्यासमोर बसले.

"माह्या वाट्यातला अर्धा खडा मी खिशात घालून घरी आणत होतो, पोरी," ते म्हणाले. "तू लहान होती. दारात उभी राहून वाट पाह्यची."

हर्षाचे हात थांबले.

"साऱ्याइचं रक्त तपासून राहिली तू. तुह्यं तपासलं काय?"

नव्हतं तपासलं. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. तिने बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "आणि बाबा, उद्या सगळ्यांना आपापली लेकरं घेऊन यायला सांगा."