डावीकडची खिडकी

आमच्या टूर मॅनेजरनं माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी तिथल्या तिथं हिशोब चुकता केला असता. त्यानं तिला फसवलं, तेही काका-काकू म्हणत.

येडशीत माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. सायकलवर फवारणी पंपाचे वायसर विकण्यापासून सुरुवात केली, मागं कुणी नव्हतं. गेल्या हंगामात कंपनीनं चांगला माल उचलणाऱ्या दुकानदारांना जोडीनं स्पेनची सहल दिली. बायकोनं कार्यक्रमाचा कागद वाचून घेतला आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. शेवटचा दिवस, वॅलेन्सिया, समुद्रकिनारा. तिचं माहेर तेर. पाणी म्हणजे तेरणा नदी, तीही वाहत असेल तेव्हा. मुंबईला आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा दवाखान्यात. समुद्र तिनं पाहिलेला नाही.

"बाकी काय बी दाखवा," ती म्हणाली, "मला तिथं पाय बुडवायचेत."

तिसऱ्या दिवशी सेव्हिलमध्ये माझं डोकं फिरलं. रोज गार पाव, त्यावर टोमॅटो चोळलेला. घरून आणलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी संपत आली होती. मी ताट सरकवलं आणि मॅनेजरला सगळ्यांसमोर बोललो, "कंपनीनं पैसे भरलेत. आम्हाला वरण-भात पाहिजे, मटण पाहिजे."

पुण्याचा चटपटीत पोरगा. तो म्हणाला, "काका, शेवटच्या दिवशी देतो. फक्त वेळ कुठून तरी काढावा लागेल."

"तो तुमचा तुम्ही काढा," मी म्हणालो.

सौदा जिंकल्यासारखा मी खोलीवर आलो. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला एकीकडं सूट देतो आणि दुसरीकडं कापतो. मी तरी विचारायला हवं होतं, कुठून काढणार.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही वॅलेन्सियात होतो. आधी रेशीम व्यापाऱ्यांची जुनी सौद्याची इमारत दाखवली. पीळ दिलेल्या दोरासारखे उंच दगडी खांब, आणि वर भिंतीभर सोनेरी अक्षरं. मॅनेजरनं अर्थ सांगितला, की जो व्यापारी शब्दात कपट ठेवत नाही त्याची भरभराट होते. हे त्यानंच सांगितलं, आपल्या तोंडानं. कळंबचा एक दुकानदार माझ्या कानाशी म्हणाला, "शेठ, हे तुमच्या दुकानात लावा." मी हसलो. माझं लक्ष घड्याळाकडं होतं.

समोरच मोठा बाजार. डुकराच्या वाळवलेल्या तंगड्या रांगेनं टांगलेल्या, खाली संत्र्यांचे ढीग. मी संत्र्याला भाव पाडून मागितला. विकणारी बाई नकाराची मान हलवत राहिली. मग मी आपल्याकडच्यासारखं पाठ फिरवून चालायला लागलो. कुणी हाक मारली नाही. दहा पावलं गेलो, वीस गेलो. वळून पाहिलं तर बाई दुसऱ्याला तोलून देत होती आणि आमची ही शेजारच्या दुकानात पेला तोंडाला लावून उभी होती. कसल्याशा कंदाचं पांढरं, गार, गोड दूध.

"खसखशीच्या खिरीवाणी लागतंय," ती म्हणाली. "घ्या की."

तिला तिथलं सगळंच चालत होतं. बाहेर एका हॉटेलात उथळ परातीत केशरी भात शिजत होता. ती तिथं थांबली. मी म्हणालो, "चल, आपलं जेवण सांगून ठेवलंय."

पुढं बस नदीवरून गेली. नदी नव्हतीच. ती शहराबाहेरून वळवलेली आणि जुन्या पात्रात मैलोन् मैल बाग. बायको काचेला नाक लावून म्हणाली, "आमच्या तेरणेला कुणी हलवलं न्हाय. तीच आपली आपण गेली." सगळी बस हसली.

भारतीय हॉटेल शहराबाहेर होतं, गोदामांच्या मधे. आमच्या आधी दोन बसा लागलेल्या. बाहेर ताटकळलो, आत ताटकळलो. मी तीनदा उठून मॅनेजरकडं गेलो. "किनारा?" "आहे ना काका, आहे." डाळ गोड होती, मटण चामड्यासारखं. बायकोनं दोन घास खाल्ले आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. बाहेर आलो तर चार वाजून गेलेले, आणि विमानतळाला पोचायची वेळ झालेली.

माझा आवाज चढला. मॅनेजर मला उत्तर द्यायच्या ऐवजी तिच्याकडं वळला. "काकू, तुम्ही डावीकडच्या खिडकीत बसा. जाताना समुद्र दिसतो."

ती डावीकडं बसली. काच पदरानं पुसली. बाहेर कारखान्यांच्या भिंती, मग संत्र्याच्या बागा, मग परत भिंती. मी मागच्या बाकावर, बोटं मोडत. एकदा तिची मान कलली, लगेच तिनं ती सरळ केली. विमानतळ आला.

रांगेत उभं असताना हॉटेलात मिळालेला शहराचा नकाशा खिशातून काढला. समुद्र शहराच्या पूर्वेला आणि विमानतळ पश्चिमेला. त्या रस्त्यावर डावीकडं, उजवीकडं, कुठंच समुद्र नव्हता. मॅनेजर तोपर्यंत दुसऱ्या गटाबरोबर निघून गेला होता. विमानात आमच्या वाट्याला मधल्या खुर्च्या आल्या.

घरी आल्यावर तिनं पर्स उपसली. आत फडक्यात बांधलेले दोन धपाटे, वाळून पापडासारखे.

"हे काय?"

"समुद्रावर बसून खाऊ म्हणून ठेवले व्हते."

"मग सांगायचं न्हाय का? मी जेवणासाठी भांडलो नसतो."

"तुमी विचारलं कुठं?" तिनं ते पाण्यात भिजवून गाईपुढं टाकले. मग म्हणाली, "समुद्र आला तवाच माझा डोळा लागला बगा. माझंच नशीब."

मी तेव्हा बोललो नाही. आजवर बोललो नाही. शेजारणींनाही ती हेच सांगते, की खिडकीत बसवलं होतं, मलाच झोप आली.

मॅनेजरला मी फोन केले. आधी तो मीटिंगमध्ये असायचा, आता उचलत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, शेठ, पुढच्या वर्षी थायलंड आहे. मला थायलंड नको. त्या पोरानं येडशीला यावं. दुकानात नाही, घरी. तिच्यासमोर बसून त्यानं सांगावं, की काकू, तुम्हाला झोप लागली नव्हती, तिथं समुद्र नव्हताच, आणि ते मला ठाऊक होतं. जेवण कुणी मागितलं होतं ते त्याच्या शेजारी बसून मी सांगतो. पण आधी त्यानं बोलावं.