खाली सही नाही

गव्हाचा डबा त्याने पायाने सरकवला. हाताने नाही.

गेल्या श्रावणातला कानबाईचा रविवार होता. आमच्याकडे कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, भाऊबंदांच्या प्रत्येक घरातून गहू येतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ घालायची. सगळ्यांचे गहू एकत्र दळायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणही द्यायचा नाही. ज्याचे गहू घेतले तो आपला. नाही घेतले तो मेला.

डबा सरकवणारा माझा पुतण्या, चुलतभावाचा पोरगा. केळीचा मोठा बागाईतदार. कानबाई त्याच्याच ओसरीवर बसते.

तो म्हणाला, "नाना, तुमना घरना गहू आवंदा नको."

मी म्हटलं, "कसाले? मन्हा वावरना गहू शेतस."

"वावर तुमनं. बियानं कोना पैसानं?"

मग त्याने मोबाइल सगळ्यांपुढे धरला. त्यात माझ्या सुनेचा फोटो. डोक्यावर पदर, नजर सरळ समोर. शहाद्याच्या स्टुडिओत काढला तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. फोटोखाली तिचं पूर्ण नाव, माझ्या मेलेल्या पोराचं नाव, गाव, फोन नंबर. आणि नवापूरच्या अंगाला हायवेवरच्या ऑर्केस्ट्रा बारचं नाव. काम, गायिका.

बायांनी तोंडाला पदर लावले. माणसं हसली. एक जण म्हणाला, "नाना, एखादं गानं आमलेबी आयकाडा."

मी डबा उचलायला वाकलो. माझ्या वयात वाकायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे बघत राहिले.

आता खरं सांगतो. पोरगा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. मागे सून, नात आणि मी. सुनेचा गळा चांगला. आधी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गायली, मग बारमध्ये. परवान्याचं काम. अंगाला कोणी हात लावायचा नाही असं कायद्यात आहे म्हणे. गावात ती सांगायची, कोंबड्यांच्या फार्मवर रात्रपाळी करते. मी काहीच सांगायचो नाही. मला लाज वाटली का? वाटली, पहिल्या वर्षी. पण तिची भाकर खाताना वाटत नव्हती. मग तिच्याबद्दल बोलताना का वाटावी? सोडली.

परवान्याच्या पडताळणीला मी तिच्यासोबत गेलो होतो. साहेबाने विचारलं, घरचे राजी आहेत का? मी म्हटलं, राजी. आणि सही केली. अंगठा नाही. दुसरीतून माझी शाळा सुटली, पण चाळिशी ओलांडल्यावर मी आधी माझं नाव, मग हळूहळू बाकीचं लिहायला शिकलो. तेव्हापासून मान वर करून सही करत आलो. साहेब म्हणाला, "बाबा, हे कागद आमच्याजवळच राहतात."

राहिले नाहीत. पुतण्याला कुठून तरी कुणकुण लागली आणि त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. परवान्याच्या बारमध्ये कोण बाया कामाला आहेत, नावं-पत्ते द्या. दिले. फोटोसकट दिले.

मी त्या कचेरीत गेलो. खुर्चीवर दुसरा साहेब होता.

"बाबा, सरकारी परवाना आहे. लोकांना बघायचा हक्क आहे."

"फोटो बघायचा? फोन नंबर?"

"फाइलमध्ये होतं ते गेलं."

मी म्हटलं, "साहेब, दारू पिणाऱ्यालाही परवाना लागतो ना?"

"लागतो."

"मग त्यांची नावं, गावं, फोटो कोणी मागितले?"

तो हसला. "अजून तरी कोणी नाही."

बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, कागद देण्याआधी तुमच्या सुनेला विचारायला पाहिजे होतं, तक्रार करा. त्याने लिहिली. छान लिहिली. तिचं नाव, माझं नाव, गाव, बार, सगळं घातलं. सहीला कागद पुढे केला.

मी विचारलं, "ही तक्रार उद्या कोणी मागितली तर?"

"फाइलला लागली की मागता येते."

मी पेन खाली ठेवलं. कागद घडी करून खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी सहीला नाही म्हटलं.

तोवर घरात फोन सुरू झाले होते. कुठले कुठले पुरुष. भाव विचारायचे. नातीच्या वर्गातही तो फोटो पोचला. सून भाकरी थापताना गुणगुणायची, ते थांबलं. नुसता थापण्याचा आवाज यायचा.

एक दिवस पहाटे ती नातीला घेऊन उभी राहिली. हातात दोन पिशव्या.

"नाना, आम्ही जातस. कोठे ते तुमले सांगाव नही. कोन्ही इचारं ते तुमले खोटं बोलनं पडी."

मी म्हटलं, "मी खोटं बोलाव नही. आनि सांगावबी नही. तू सांग."

तिने पिशव्या खाली ठेवल्या. मग गावाचं नाव सांगितलं. पायाला हात लावला. यष्टी वळणाआड गेली तरी मी उभा होतो. आता चूल मीच पेटवतो. माझी भाकर तव्यावर मोडते.

यंदा श्रावणात पुतण्या स्वतः दारात आला.

"नाना, ती गई म्हंतस. बरं व्हयनं. आते कोठे शे? आपलं आडनाव लाईसन परत कोठे गात ते नही? तेवढी खात्री करू द्या. मंग गहू लई या."

डबा भरून ठेवला होता. सवयीने. मेलेल्या पोराच्या नावाचीही मूठ घातली होती.

"माले मालूम शे ती कोठे शे," मी म्हटलं. "सांगाव नही."

"मंग गहू ऱ्हायना. उद्या खांदा द्यालेबी कोन्ही येवाव नही, ध्यानमा ठेवा."

"नका येऊ."

तो गेला. डबा तसाच उंबऱ्याजवळ राहिला. त्या दिवशी रोटाचा वास सगळ्या गल्लीत होता. मी दार लावलं नाही.

हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे, वेळ लागला. माझं नाव लिहिलं तर गाव कळेल. गाव कळलं तर ती कळेल. जे नाव लिहायला शिकलो म्हणून छाती काढून फिरलो, ते आता कुठल्याच कागदावर घालणार नाही. कचेरीने बोलावलं तरी नाही, भाऊबंदांनी बोलावलं तरी नाही. ती कुठे आहे ते माझ्यासोबत जळेल.

म्हणून खाली सही नाही.